मधल्याचे इमान

२०२२ च्या मे महिन्यातील एक तोंडी परीक्षा मी अजून विसरू शकलेलो नाही. परीक्षा माझी नव्हती, माझ्या एका विद्यार्थिनीची होती. पण त्या दिवशी नापास झालो तो मी, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. त्या प्रसंगाने माझ्या डोक्यात एक प्रश्न सोडून दिला. एखादे यंत्र दुसऱ्या यंत्राचे सोंग घेते तेव्हा त्या सोंगाने मूळ यंत्राशी इमान राखावे ते किती? प्रश्न संगणकाचा आहे. तथापि कला आणि वाणिज्य शाखेच्या वाचकांनी एवढ्यावरून पान उलटू नये. आपल्या भागात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न वेगळ्या वेषात कधी ना कधी भेटलेला असतोच.

आधी सोंगाविषयी सांगतो. हायपरव्हायजर नावाची एक आज्ञावली असते. एकाच संगणकावर ती अनेक आभासी संगणक उभे करते. त्यांतल्या प्रत्येकावर चालणाऱ्या आज्ञावलीला वाटते, सारे यंत्र आपल्याच मालकीचे आहे. हायपरव्हायजर हा यजमान आणि वर चालणारी आज्ञावली हा पाहुणा, अशी भाषा या शास्त्रात रूढ आहे. पाहुण्याला सारे घर आपलेच वाटावे आणि तिजोरीच्या किल्ल्या मात्र यजमानाच्या कमरेला असाव्यात, असा हा पाहुणचार आहे.

आमच्या प्रयोगशाळेत चांगल्या ताकदीचा सर्व्हर एकच. त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्याला त्यावर एकेक आभासी संगणक तोडून दिलेला. या मुलीने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी स्वतःचाच एक लहानसा हायपरव्हायजर लिहायला घेतला. धाडस मोठे होते. आता चित्र असे झाले: तळाशी खरा प्रोसेसर; पहिल्या मजल्यावर सर्व्हरचा हायपरव्हायजर; दुसऱ्या मजल्यावर हिचा हायपरव्हायजर; आणि तिसऱ्या मजल्यावर तिचे चिमुकले पाहुणे. यजमानाच्या घरी पाहुणा आणि तो पाहुणाच पुन्हा दुसऱ्याचा यजमान.

यात एक मेख आहे. इंटेलच्या प्रोसेसरांत आभासी यंत्रांसाठी खास आज्ञा २००५ साली आल्या. पण ती सोय एकाच मजल्यापुरती. प्रोसेसर एकच यजमान ओळखतो. दुसऱ्या मजल्यावरून हिने ‘माझा पाहुणा सुरू कर’ अशी आज्ञा दिली की ती प्रोसेसरपर्यंत पोचतच नाही. पहिल्या मजल्यावरचा मधला गडी ती वाटेत पकडतो, तिचा अर्थ लावतो, खऱ्या प्रोसेसरकडून काम करवून घेतो आणि उत्तर असे देतो की जणू प्रोसेसरच बोलला. थोडक्यात, त्या मुलीने वर्षभर प्रोसेसर म्हणून ज्याच्याशी संभाषण केले तो प्रोसेसर नव्हताच. तो मधला होता.

आमच्या सर्व्हरवर तिचे काम उत्तम चालले. मी चार वेळा पाहिले आणि ‘प्रकल्प समाधानकारक रीतीने चालतो’ या ओळीखाली सही केली.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक टेबलावरच्या एका साध्या संगणकाकडे बोट दाखवून म्हणाले, “या यंत्रावर थेट चालवून दाखवता का?” मागणी अगदी रास्त होती. तिने पेन-ड्राइव्ह लावला. पहिला पाहुणा सुरू झाला, काम करून थांबला. दुसरा सुरू करताना नकार आला: त्रुटी क्रमांक चार. तिने यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. या खेपेस दोन पाहुणे चालले आणि तिसऱ्याला नकार. कधी चाले, कधी न चाले. परीक्षक तिला काही बोलले नाहीत. माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “सर, सही तुमची आहे. खऱ्या यंत्रावर चालवून पाहिले होते का?”

नव्हते पाहिले. तसे मी सांगितले. गुण कापले गेले. मुलीने मुकाट्याने पिशवी भरली आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत गेलो तर ती माझ्या आधीच येऊन बसलेली. टेबलावर इंटेलच्या ग्रंथाची छापलेली पाने. म्हणाली, “सर, चूक सापडली. पण एक कळत नाही. ती वर्षभर चूक का नव्हती?”

चूक अशी होती. प्रत्येक पाहुण्यासाठी यजमान स्मृतीतले एक पान राखून ठेवतो. पाहुण्याची सारी अवस्था त्यावर नोंदलेली असते. त्याला आपण हिशेबाचे पान म्हणू. ‘या पानावरचा पाहुणा एकदा सुरू झालेला आहे’ हीसुद्धा एक नोंद. ग्रंथ सांगतो की, नवे पान वापरण्यापूर्वी आणि जुने सोडण्यापूर्वी ते व्हीएमक्लिअर या आज्ञेने रीतसर मोकळे करावे. हिने ते न करता पानावर शून्ये भरून टाकली आणि पाटी कोरी झाली असे मानले. खरा प्रोसेसर मात्र या पानातला मजकूर स्वतःच्या पोटात ठेवू शकतो. स्मृतीतल्या पानावर तुम्ही शून्ये भरलीत म्हणून त्याच्या पोटातली नोंद पुसली गेली, याची कोणतीही हमी ग्रंथ देत नाही. कधी ती गेलेली असे, कधी नसे. नसली की तो म्हणे, ‘हा पाहुणा आधीच सुरू आहे, नव्याने सुरू करता येणार नाही.’ तीच ती त्रुटी क्रमांक चार.

आमच्या मधल्याकडे हा प्रकार नव्हता. आभासी यंत्राचे काम आटोपले की तो सगळा हिशेब प्रामाणिकपणे पानावर उतरवून ठेवी आणि पुढच्या खेपेस पानावर जे दिसेल ते खरे मानी. शून्ये दिसली, पाटी कोरी. हिने नियम मोडला तरी त्याच्याकडे काहीच अडत नसे.

आता दोष कुणाचा? तिने ग्रंथातली एक पायरी गाळली, हा तिचा दोष. मी न पाहता सही केली, हा माझा. आणि मधल्याचा? त्याने तर एकही नियम मोडला नव्हता. पायरी गाळल्यास काय होईल हे ग्रंथाने अनिश्चित ठेवले आहे. तेव्हा ‘सुरळीत चालणे’ हेही त्या अनिश्चिततेत बसते. त्याला कायद्याने धरता येत नव्हते. तरीही वर्षभर तिला फसवले ते त्यानेच.

या विषयाचा पाया १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी एका निबंधात घातला. हायपरव्हायजरने तीन गोष्टी पाळाव्यात, असे त्यांनी म्हटले. आज्ञावलीला खऱ्या यंत्रावर जो परिणाम दिसला असता तोच दिसावा; बहुतेक आज्ञा मध्यस्थीविना थेट प्रोसेसरवर चालाव्यात, म्हणजे वेग टिकेल; आणि साधनसामग्रीवरचा ताबा हायपरव्हायजरकडेच राहावा. पहिल्या अटीला त्यांनी दोन अपवाद दिले: वेळेचा आणि साधनांच्या उपलब्धतेचा. सोंग घेणारा थोडा सावकाश चालेल आणि त्याच्याकडे स्मृती थोडी कमी असेल, एवढे पाहुण्याने चालवून घ्यावे. यंत्रात यंत्र, त्यात पुन्हा यंत्र असे मजले चढवता येण्याची अटही त्यांनी तेव्हाच सांगितली: यंत्र आभासी करता येण्याजोगे असावे आणि त्यासाठी वेळेवर अवलंबून नसणारा हायपरव्हायजर रचता यावा.

अटी स्पष्ट आहेत. परंतु ‘खरे यंत्र’ म्हणजे कोणते? ग्रंथात लिहिलेले, की टेबलावर ठेवलेले? एक उदाहरण देतो. १९८१ च्या आयबीएम पीसीमधील प्रोसेसरला पत्त्याच्या वीस तारा होत्या. म्हणजे १०,४८,५७६ घरांपर्यंतच त्याची धाव. त्यापुढचा पत्ता दिला तर तो गिरकी घेऊन पुन्हा पहिल्या घराशी येई. काही आज्ञावलीकारांनी या गिरकीवरच आपली कामे बेतली. १९८४ साली पीसी-एटी आला, त्यातील प्रोसेसरला चोवीस तारा होत्या आणि गिरकी नाहीशी झाली. जुन्या आज्ञावल्या मोडू नयेत म्हणून आयबीएमने एकविसावी तार बंद करणारे एक फाटक मुद्दाम बसवले आणि त्याची कळ चक्क कळफलकाच्या नियंत्रकाकडे दिली! जुन्या यंत्राची मर्यादा हाच पुढे कायदा झाला. त्या काळच्या यंत्राचे सोंग घेणाऱ्या आज्ञावल्यांना हे फाटकही रंगवावे लागते.

याच्या उलट १९९४ सालचा पेंटियमचा भागाकाराचा दोष. काही विशिष्ट संख्यांचा भागाकार तो प्रोसेसर चुकीचा करी. पेंटियमचे सोंग घेताना ही चूकही हुबेहूब करावी, असे कुणी म्हणत नाही; कारण त्या चुकीवर कुणाचा संसार उभा नव्हता. आणि काही ठिकाणी तर ग्रंथच दोन. बीएसएफ नावाची एक आज्ञा आहे. तिला शून्य दिले तर उत्तराच्या जागी काय राहील ते इंटेलच्या ग्रंथाने अनेक वर्षे अनिश्चित ठेवले होते. एएमडीचा ग्रंथ म्हणतो, आधी जे होते तेच राहील. म्हणजे हुबेहूब असावे एवढे म्हणून भागत नाही. कशाशी हुबेहूब आणि कुणासाठी, हे विचारावे लागते.

येथे मला माझ्या आजीची आठवण येते. मी सातवीत असताना घराच्या उताऱ्यावर तिचे नाव लावायचे होते. त्यासाठी ती मला घेऊन एका कचेरीत गेली. तिला मराठीखेरीज भाषा नव्हती. कागद इंग्रजीत. कारकून तो वाचून मला कन्नडमध्ये सांगे आणि मी आजीला मराठीत. एकावर एक दोन दुभाषी! कारकुनाने सांगितले की एक दाखला कमी आहे, पंधरा दिवसांत आणला नाही तर अर्ज रद्द होईल. उन्हात चालून आजी दमली होती. मी तिला म्हटले, “आजी, एक कागद राहिलाय, आणून देऊ सावकाश.” कारकुनाला मराठी थोडेफार कळत असावे. तो माझ्याकडे रोखून पाहत म्हणाला, “अज्जीगे सरियागि हेळु.” आजीला नीट सांग. मी मान डोलावली आणि नीट सांगितले नाही. पंधरा दिवस उलटून गेले. अर्ज रद्द झाला आणि सारे पहिल्यापासून करावे लागले. कागदाचे आणि कारकुनाचे बोलणे अगदी बरोबर होते. साखळीत शेवटचा मी होतो, आणि मी मायेने खोटे बोललो होतो.

मजले जितके अधिक तितका हा धोका अधिक. वरच्या मजल्यावरच्याला खाली डोकावता येत नाही. लगतचा मधला जे सांगेल तेच त्याचे जग. आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात १९७२ च्या आधीच असे मजले चढवले गेले होते. सिस्टिम-३७० ची आभासी स्मृती अजून जाहीर व्हायची होती. तेव्हा सीपी-६७ नावाच्या त्यांच्या हायपरव्हायजरमध्ये फेरफार करून, जुन्या ३६०-६७ या यंत्रावर नव्या यंत्राचे सोंग उभे करण्यात आले आणि त्या सोंगावर नव्या यंत्राची आज्ञावली घडवण्यात आली. जे यंत्र हाताशी नाही त्याच्यासाठी आज्ञावली लिहिणाऱ्याला मधल्यावाचून दुसरा गुरू नसतो. आमची मुलगी याच अवस्थेत होती. तिच्यासाठी सर्व्हरवरचा मधला हाच प्रोसेसर होता.

मग मधल्याने प्रोसेसरची प्रत्येक लकब उचलावी का? ते परवडणारे नाही. दुसऱ्या मजल्यावरचा यजमान हिशेबाचे पान एकदा वाचतो तेव्हा प्रत्येक नोंदीसाठी मधल्याला जागे व्हावे लागते. तिसऱ्या मजल्यावरच्या एका हाकेमागे पहिल्या मजल्यावर डझनावारी हेलपाटे होतात. २०१० साली आयबीएमच्या हैफा येथील संशोधकांनी आपल्या ‘टर्टल्स’ प्रकल्पाचा निबंध वाचला. एका कासवाच्या पाठीवर दुसरे कासव, अशी त्या नावामागची कल्पना. हेलपाटे कमी करून नेहमीच्या कामांत एकमजली व्यवस्थेच्या तुलनेत सहा ते आठ टक्क्यांचाच फरक राहतो, इथवर त्यांनी मजल मारली. पुढे २०१३ साली इंटेलने हिशेबाच्या पानाची सावली ठेवण्याची सोय प्रोसेसरमध्येच केली. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीने तर आणखी वेगळी वाट काढली. त्यात हिशेबाच्या पानाची रचना उघड ठरवून दिलेली आहे. वरच्या यजमानाने ती मान्य केली तर तो मधल्याला न उठवता पान थेट वाचू-लिहू शकतो. खऱ्या प्रोसेसरशी याचे काडीचेही साम्य नाही.

मला ही बेइमानी वाटत नाही. कारण ती सांगून केलेली आहे. वरच्याने विचारले तर मधला म्हणतो, ‘मी प्रोसेसर नाही, हायपर-व्ही आहे, हवी असेल तर ही जवळची वाट घे.’ प्रोसेसरची ओळख विचारण्याची सीपीयूआयडी नावाची आज्ञा आहे. तिच्या उत्तरातील एक बिट खऱ्या प्रोसेसरात नेहमी शून्य असतो. मधला असेल तर तो तिथे एक लिहितो. माझ्या मते हा या शास्त्रातला सर्वात सभ्य बिट आहे. नाटकातल्या राजाने, कुणी विचारलेच तर, आपले खरे नाव सांगावे तसा. आमच्या सर्व्हरवरही तो बिट एकच होता. आम्ही विचारले नाही.

पण एवढ्याने आमच्या मुलीचा प्रश्न सुटत नव्हता. मधला आहे हे कळले असते, तरी त्याने कोणती चूक पोटात घातली ते कळले नसते. माझे मत मी तिला सांगितले: ग्रंथाने जे वचन दिले आहे ते त्याने पाळले, याहून अधिक मागणे म्हणजे अन्याय आहे. ती म्हणाली, “सर, वचनाबद्दल माझी तक्रारच नाही. जिथे वचन नाही तिथे तो इतका चांगला का वागला? तिथे त्याने वाईट वागायला हवे होते.”

हे वाक्य मला चार दिवस पुरले. ते तिने नुसते बोलून सोडले नाही. आमच्या सर्व्हरवरच्या हायपरव्हायजरची मूळ आज्ञावली सर्वांना वाचायला आणि बदलायला खुली आहे. पुढच्या दोन महिन्यांत, निकाल लागून गेल्यावर, तिने तिची एक वेगळी प्रत तयार केली. त्या प्रतीतला मधला एक नोंदवही ठेवतो. कोणते पान रीतसर मोकळे केले, ते त्यात लिहितो. रीतसर मोकळे न केलेले पान कुणी पुढे केले, तर त्यावर शून्ये असोत की आणखी काही, ‘हा पाहुणा आधीच सुरू आहे’ असे धरून नकार देतो. दर वेळी, न चुकता. ग्रंथाने तिथे सगळीच मुभा ठेवली असल्याने हेही पूर्णपणे नियमात बसते. खरा प्रोसेसर कधीमधी दगा देई. हा मधला नेहमी दगा देतो. म्हणजे तो खऱ्याहून कमी हुबेहूब झाला. आणि शिकणाऱ्याशी अधिक इमानी झाला.

आम्ही ही प्रत प्रयोगशाळेत लावली तेव्हा तिचा स्वतःचा जुना प्रकल्प पहिल्याच दिवशी, दुसऱ्या पाहुण्याशी अडला. ती हसली. मला मात्र हसू आले नाही. वर्षभर आधी हे झाले असते तर अर्ध्या तासाची दुरुस्ती होती.

या मार्गालाही मर्यादा आहेत, हे कबूल केले पाहिजे. रोजची कामे चालवणाऱ्या सर्व्हरवर असा खोडसाळ मधला कुणी ठेवणार नाही. तिथे लोकांना आपले काम चाललेले हवे असते; कुणाच्या तरी जुन्या चुकीपायी सारे बंद पडून चालत नाही. तिथे उदार मधलाच बरा. म्हणून एकच एक उत्तर नाही, असे मी आता मानतो. काम करणाऱ्याला सांभाळून घेणारा मधला हवा, आणि घडवणाऱ्याला न सांभाळणारा. दोघांनाही हवा तो आपण काय करतो आहोत हे न लपवणारा. आमचा गोंधळ झाला तो पहिल्यासाठी असलेला मधला आम्ही दुसऱ्याच्या हाती दिला म्हणून.

शिक्षकाची नोकरीसुद्धा मधल्याचीच आहे. ग्रंथ आणि जग यांच्यामध्ये आम्ही उभे असतो. वर्गातली अर्धवट उत्तरे आम्ही मनातल्या मनात पुरी करून घेतो, ‘तिला म्हणायचे होते ते कळले’ म्हणून गुण देतो आणि त्याला उदारपणा म्हणतो. मीही बरीच वर्षे तेच केले.

त्या मुलीचे गुण वाढले नाहीत. तशी काही तरतूद नव्हती. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात आता दोन जुने संगणक ठेवले आहेत. त्यांच्यावर कोणताही हायपरव्हायजर चढवायचा नाही, असा नियम आहे. प्रकल्प-अहवालाच्या नमुन्यात एक रकाना वाढवला आहे: ‘कोणत्या यंत्रावर, कितव्या मजल्यावर तपासले?’ त्या रकान्यात विद्यार्थी लिहितात आणि खाली मी सही करतो. सही करण्यापूर्वी मी त्या जुन्या संगणकापाशी जाऊन बसतो आणि दुसरा पाहुणा सुरू होईपर्यंत उठत नाही.